बाणाच्या मागे मागे

“एवढ्या ताऱ्यांमधून तुम्हाला नेमका तोच कसा सापडतो?” माझ्याबरोबर आकाश बघायला आलेल्यांपैकी कोणीतरी हे विचारतंच. मघापर्यंत सगळे ठिपके सारखेच दिसत असतात आणि मी बोट करून “ती रोहिणी” म्हटलं की समोरच्याला वाटतं, हिला काहीतरी सिद्धी आहे.

तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगते. ढगांच्या फटीतून एकटा तारा दाखवलात तर मीही गप्प बसेन. मला ओळखू येतो तो शेजार. कोणाच्या उजवीकडे कोण, कोणाच्या मागून कोण उगवतं, एवढंच. आणि “एवढे तारे” म्हणाल, तर ते एवढे नसतातच. गच्च काळोखातही एका वेळी उघड्या डोळ्यांना दोन-तीन हजारांच्या आसपास दिसतात. दिव्यांच्या उजेडात तर हाताच्या बोटांवर मोजावे लागतात. नवशिक्याला ते बरंच पडतं म्हणा, गोंधळ कमी होतो.

सुरुवात मृगापासून करा. चार ताऱ्यांचा मोठा चौकोन म्हणजे हरणाचे चार पाय आणि त्याच्या पोटात एका रेषेत तीन तारे, तो बाण. आता बाण आहे म्हणजे मारणारा असणारच. त्या तिघांची रेष आग्नेयेकडे वाढवली की थेट व्याधावर जाता, रात्रीच्या आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यावर. हीच रेष उलट बाजूला वाढवली की तांबूस रोहिणी आणि आणखी पुढे कृत्तिकांचा पुंजका. गोष्ट लक्षात राहिली की नकाशा पाठ झालाच. उगवतानाही क्रम तोच, हरीण पुढे आणि पारधी मागे.

एका रेषेत आहेत म्हणून एकमेकांजवळ आहेत असं मात्र समजू नका. व्याध आपल्यापासून 8.6 प्रकाशवर्षांवर, रोहिणी 65 च्या आसपास आणि कृत्तिका चारशेच्याही पलीकडे. रेष आपल्या डोळ्यांनी ओढलेली आहे.

इथवर सगळ्यांना जमतं. पुस्तकातला मृग नीट उभा असतो आणि आकाशातला उगवताना कुशीवर पडलेला असतो, तिथे माणसं अडतात. उत्तर गोलार्धातून बघितलं तर पूर्वेला तो बाण जवळजवळ उभा दिसतो, पश्चिमेला मावळताना तिरका-आडवा होतो. दक्षिण गोलार्धात डोक्यावर आलेलं सगळं चित्रच उलटं. म्हणून पहिल्या दिवशी सापडला नाही तर तासाभराने परत बघा. किंवा महिनाभराने त्याच वेळी बघा. तारे दररोज सुमारे 4 मिनिटं लवकर उगवतात, म्हणजे महिन्याला 2 तासांची सूट मिळते.

आणि तो मोबाईल खिशात ठेवा. ॲपला माझी हरकत नाही, पण डोळे काळोखाला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पडद्याकडे एकदा बघितलं की पहिल्यापासून सुरुवात. सरावल्यावर बाणाखाली बघा. तिथे फिकट ताऱ्यांची एक छोटी उभी ओळ आहे. तिच्यातला मधला ‘तारा’ जरा पुसट, हात फिरवल्यासारखा दिसतो. तो ताराच नाही, तेजोमेघ आहे, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग, तिथे नवे तारे जन्मतायत. त्याच्याकडे रोखून बघितलंत तर तो विरतो, नजर किंचित बाजूला नेली की परत उमटतो. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी नेत्रपटलाच्या मध्यभागी नसतात, त्याच्या भोवती असतात. त्यामुळे फिकट गोष्टी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायच्या. हे मी दाखवते तेव्हा थोडा वेळ कोणी बोलत नाही. मला सगळ्यांत आवडतो तो हा भाग.

आता सिद्धीबद्दल. 2012 च्या डिसेंबरात मी नवीनच शिकत होते. बाणावरून रेष ओढली आणि जो झगझगीत दिसला त्याला रोहिणी म्हणून मोकळी झाले. चार जणांना दाखवलीही. पुढच्या हिवाळ्यात बघते तर माझी रोहिणी उठून मिथुनेत जाऊन बसलेली! तो गुरू होता. खरी रोहिणी त्याच्या शेजारी वर्षभरापूर्वीही होती, तिच्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. तारा लुकलुकतो आणि ग्रह सहसा स्थिर दिसतो, हे मला पाठ होतं. पाठ होतं एवढंच.

गुरूला राशिचक्राची फेरी पुरी करायला जवळपास 12 वर्षं लागतात. 2024 च्या डिसेंबरात तो पुन्हा वृषभेत आला, रोहिणीच्या शेजारी. पहिल्यांदाच आलेल्या एका मुलीने बाणावरून बोट सरकवत नेलं, नेमकं त्याच्यावर थांबवलं आणि म्हणाली, “सापडली रोहिणी!”

मी म्हटलं, “जरा बाजूला बघ.”