दीड ते सहा

जुलै, सोमवार. पहाटेपासून धो धो.

नवरा-बायको दोघांच्या करिअरचं बोलायचं तर आधी दुपारी दीड ते संध्याकाळी सहाचं बोलावं. गोव्यातल्या बहुतेक शाळा दीडच्या सुमाराला सुटतात आणि ऑफिसं संध्याकाळी. पणजीतून पर्वरीला पोचेस्तोवर आणखी उशीर. नोकरी सोडायचा विचार येतो तो या खिंडारामुळे, आणि तो नवऱ्याच्या डोक्यात सहसा येत नाही.

आजी-आजोबांना गावाहून आणता येतं. पण पेडण्या-डिचोलीतलं अंगण सोडून त्यांना दुसऱ्या मजल्यावर करमत नाही. शिवाय चतुर्थी जवळ आली की गावचं घर झाडायला ते जाणारच. पाळणाघर बघताना फीच्या आधी विचारायचं, 'मूल तापलं तर ठेवता का?' उत्तर बहुधा 'नाही'. म्हणजे पावसाळ्यात दोनतीनदा तरी रजा पडणार. ती कोणाची, हे ताप यायच्या आधी ठरवावं: पहिली त्याची, दुसरी तिची, असं कॅलेंडरवर लिहूनच. सकाळी सातला थर्मामीटर हातात धरून ठरवायला गेलं की जिचा पगार कमी तिची रजा जाते. रजा फार म्हणून बढती हुकते, आणि बढती नाही म्हणून पगार कमीच राहतो.

वेर्ण्याच्या कारखान्यांत पाळ्या असतात. एकाची पहिली, सकाळची पाळी असेल तो आठवडा सुखाचा. पाळी बदलली की पुन्हा शेजारणीकडे किल्ली.

मातृत्व लाभ कायद्याच्या 2017च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा आली, 50 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोयही सक्तीची झाली. खाजगी नोकरीतल्या बापाला मात्र कायद्याने एक दिवसही नाही. मग सवय पहिल्या सहा महिन्यांतच लागते: बाळाचं सगळं तिला ठाऊक, तो विचारून विचारून करणार.

'सांगितलं असतं तर केलं असतं' हे वाक्य तिथूनच येतं. म्हणून कामं तुकड्यांनी वाटू नयेत, अख्खी वाटावीत. उदाहरणार्थ नारळ. रविवारी चार नारळ खवून आठवड्याचं खोबरं फ्रीजरमध्ये टाकणं हे अर्धंच काम. नारळ संपत आलेत हे लक्षात येणं, आणणं, सोलणं, खवणं, एकेका वेळच्या आमटीपुरते चपटे पुडे बांधणं हे सगळं मिळून एक काम. मोठा गोळा केला तर सकाळी सुटता सुटत नाही. रात्रभर वीज गेली तर खोबरं विरघळून आंबतं. मग ते टाकून डाळ-भातावर दिवस काढायचा निर्णयही त्याच माणसाचा. युनिफॉर्मचंही तसंच. पावसात दोन जोड पुरत नाहीत, तीन लागतात; तिसरा जूनमध्येच कोणी घ्यायचा?

गोव्याच्या कायद्याची गंमत म्हणजे तो संसार अर्धा-अर्धा धरतो. वेगळा करार नसला तर मालमत्ता दोघांची, आणि प्राप्तिकर कायद्याप्रमाणे घरभाडं, व्याज हे उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं वाटून दाखवायचं. त्यासाठी विवरणपत्राचा साधा 'सहज' फॉर्म चालत नाही, इथे पुष्कळजण चुकतात. पगार तेवढा ज्याचा त्याचा. विवरणपत्र कोण भरणार, हेही कॅलेंडरवर लिहायला हवं. अजून कोरंच आहे.