स्ट्रासबुर्गची युवा कार्यशाळा: तिकीट काढण्याआधी पैशांचं लेखी घ्या

प्रवासखर्च पूर्ण मिळेल, मुक्काम फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये, जेवण मोफत. माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर ही तीन आश्वासनं होती. त्यातलं जेवणाचं तेवढं खरं निघालं. जर्मनीत शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींपैकी कुणी अशा कार्यशाळेला निघालं असेल तर त्यांना मी जाऊ नका म्हणणार नाही, विषय जीव ओतून काम करण्यासारखा आहे. पण निघण्याआधी हे वाचा.

कार्यशाळा एरास्मस प्लसच्या, म्हणजे शिक्षण आणि तरुणांसाठी पैसे देणाऱ्या युरोपीय संघाच्या कार्यक्रमाच्या, युवा विभागातली होती. विषय शिक्षण सुधारणा आणि डिजिटल युवा-कार्य (युवा-कार्य म्हणजे शाळेबाहेर तरुणांबरोबर केलेलं काम). अशा संधी साल्टो-यूथ या कार्यक्रमाच्या मदत केंद्रांच्या ऑनलाइन प्रशिक्षण दिनदर्शिकेत जाहीर होतात. भारतीय पासपोर्टवर जाता येतं का, हे सगळे आधी विचारतात. येतं. नागरिकत्व कुठलं हे पाहिलं जात नाही. तुम्हाला पाठवणारी संस्था ज्या देशातली आहे, त्या देशात तुमचं कायदेशीर वास्तव्य हवं. मी बर्लिनमध्ये राहते आणि तिथल्या एका युवा केंद्रात मुलांबरोबर काम करते, त्या केंद्राने मला पाठवलं. युवा-कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाला वयाची वरची मर्यादा नाही. युवा आदानप्रदानाला, म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या तरुणांच्या गटभेटींना, मात्र १३ ते ३० ही अट आहे. तुम्हाला इंग्रजीत दिवसभर वाद घालता येतो आणि लॅपटॉप स्वतःचा आहे, एवढं मी धरून चालते.

आता पैशांचं. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण आमच्याच केंद्रातली, या विषयावर माझ्यापेक्षा जास्त काम केलेली एक मुलगी केवळ पैशांपायी येऊ शकली नाही.

एरास्मस प्लसमध्ये प्रवासाची रक्कम अंतराच्या टप्प्यावर ठरते. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर अंतर मोजायचं साधन आहे. त्यात तुमच्या शहरापासून कार्यशाळेच्या शहरापर्यंतचं सरळ रेषेतलं, एका बाजूचं अंतर काढायचं. त्या टप्प्यासमोर जी रक्कम दिसते ती जाण्याची आणि येण्याची मिळून असते. ती दुप्पट धरून तिकीट काढलेले दोघे आमच्या गटात होते. बर्लिन ते स्ट्रासबुर्ग हे अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास भरतं, म्हणजे ५०० ते १९९९ किलोमीटरचा टप्पा. एरास्मस प्लसच्या २०२४च्या मार्गदर्शिकेपासून या टप्प्याला ३०९ युरो आहेत. प्रवासाचा मुख्य भाग रेल्वे किंवा बससारख्या कमी प्रदूषणाच्या साधनाने केला, म्हणजे हरित प्रवास केला, तर ४१७ युरो.

आमच्या माहितीपत्रकात फक्त ३०९चा आकडा होता, तोही कमाल मर्यादा म्हणून. आणि त्याच्याच पुढच्या पानावर, विमान टाळा, पर्यावरणाचा विचार करा, रेल्वेने या, असा आग्रह. मी रेल्वेने गेले. निवड झाल्याचं उशिरा कळवलं, तोवर स्वस्त तिकिटं संपली होती, त्यामुळे जाऊन-येऊन आरक्षणासकट साडेतीनशेच्या वर खर्च झाला. वरचे पैसे तुमचे तुम्ही सोसा, असं उत्तर आलं. ४१७ युरोची ओळ मार्गदर्शिकेतून काढून पाठवली, तेव्हा खरं कारण बाहेर आलं: संस्थेने अर्ज करताना हरित प्रवासाची रक्कम मागितलीच नव्हती. म्हणजे सहभागींना रेल्वेने बोलवायचं आणि रेल्वेचा दर मागायचा नाही. हे मला अजिबात मान्य नाही. शेवटी ३०९च मिळाले, तेही ऋतू बदलल्यावर.

ज्यांच्याकडे शिल्लक आहे त्यांना यात फार काही वाटणार नाही. पण जर्मनीत स्पेरकोंटोवर, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या बंद खात्यावर, जगणाऱ्या विद्यार्थ्याला महिन्याला ९९२ युरो काढता येतात. त्यातले साडेतीनशे काही महिने दुसऱ्याकडे अडकून पडले तर घरभाडं कशातून द्यायचं? आणि ही कार्यशाळा कुणासाठी होती? शाळेत मागे पडणाऱ्या, घरी चांगलं इंटरनेट नसलेल्या मुलांपर्यंत पोहोचणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी. अशा मुलांमधूनच वर आलेले कार्यकर्ते पहिल्या पायरीवर गळतात आणि उरलेले आम्ही वर्तुळात बसून समावेशनावर बोलतो. राग मला याचा आला.

हे टाळता येतं. मंजूर अनुदानाचा मोठा हिस्सा उपक्रम सुरू होण्याआधीच संस्थेच्या खात्यात जमा होतो, त्यामुळे संस्थेला तिकीट थेट काढून देता येतं. ज्यांची परिस्थिती अडचणीची आहे त्यांच्यासाठी समावेशन साहाय्य म्हणून प्रत्यक्ष खर्चाइतकी रक्कम मागण्याची सोय आहे, फक्त ती मागणी संस्थेने करावी लागते. तेव्हा होकार कळवण्याआधी एक ईमेल पाठवा आणि सरळ विचारा: माझ्यासाठी कोणता टप्पा धरला आहे, हरित प्रवासाची रक्कम अर्जात मागितली आहे का, तिकीट तुम्ही काढणार की मी, मी काढलं तर पैसे कोणत्या तारखेपर्यंत येतील. फोनवरचं गोड बोलणं धरू नका, उत्तर लेखीच हवं. जी संस्था तिकीट काढून देत नाही, आगाऊ रक्कम देत नाही आणि परताव्याची तारीखही लिहून देत नाही, तिच्याकडे जाऊ नका. विषय कितीही चांगला असला तरी नाही. हरित प्रवासाचं प्रतिज्ञापत्र कार्यशाळेतून निघण्याआधी सही करून द्या आणि त्यावर संस्थेचीही सही घ्या. घरी परतल्यावर त्या सहीच्या मागे लागणं म्हणजे नुसता मनस्ताप.

मुक्कामाची दुसरी गंमत तिथे पोहोचल्यावर कळली. खोल्या स्ट्रासबुर्गमध्ये नव्हत्याच, ऱ्हाइन नदीच्या पलीकडे, जर्मनीतल्या केलमध्ये होत्या. कारण साधं होतं. युरोपीय संसदेचं पूर्ण अधिवेशन जवळजवळ दर महिन्याला चार दिवस स्ट्रासबुर्गला भरतं. त्या आठवड्यात ब्रुसेल्सहून खासदार, कर्मचारी आणि पत्रकार येतात आणि शहरातल्या खोल्यांचे भाव आकाशाला भिडतात. मी एक रात्र जास्त राहावं म्हणून खोली पाहिली, तर पुढच्या आठवड्यात जी खोली परवडली असती तिचाच दर दुप्पट होता. संसदेचं वेळापत्रक खूप आधी जाहीर होतं. कार्यशाळेच्या तारखा कळल्या की ते उघडून बघा. अधिवेशनाचा आठवडा असेल तर स्ट्रासबुर्गमध्ये जास्तीची रात्र काढायचा विचार सोडा आणि केल किंवा जर्मनीतल्याच जवळच्या ओफेनबुर्गला राहा.

केलपर्यंत स्ट्रासबुर्गची डी ट्राम जाते, २०१७पासून. डॉइचलांडटिकेट (जर्मनीभर लोकल गाड्यांना चालणारा मासिक पास) केलपर्यंतच चालतं, पुढे ट्रामचं तिकीट वेगळं काढा. पासपोर्ट आणि वास्तव्याचं कार्ड दोन्ही रोज खिशात हवं, मोबाइलमधला फोटो पुरत नाही. जर्मनीने सप्टेंबर २०२४मध्ये फ्रान्सच्या सीमेवरही तपासणी सुरू केली. रात्री साडेनऊला सत्र संपवून, दमून, ट्रामने पूल ओलांडताना कागदपत्रं काढून दाखवायची, हे रोज करावं लागेल असं गृहीत धरा. सरकारी आरोग्य विमा असेल तर त्याच कार्डाच्या मागे युरोपीय आरोग्य विमा कार्ड असतं, ते फ्रान्समध्ये चालतं. खासगी विमा असेल तर फ्रान्समधला खर्च मिळतो का, ते आधी विचारून घ्या. बर्लिनहून येणाऱ्यांसाठी एक चांगली गोष्ट: पॅरिसला जाणारी थेट गाडी डिसेंबर २०२४पासून सुरू झाली आहे आणि ती स्ट्रासबुर्गला थांबते. दिवसातून एकच आहे, म्हणून लवकर आरक्षण करा. तिकिटाची जुळवाजुळव करताना गाड्या बदलायच्याच असतील तर मध्ये निदान एक तास ठेवा.

कार्यशाळेचा पहिला दिवस वाया गेला. ॲपमागून ॲप दाखवणं चाललं होतं. प्रश्नमंजूषेचं एक, फळ्याचं दुसरं, मतदानाचं तिसरं. युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेने नोव्हेंबर २०१९मध्ये डिजिटल युवा-कार्यावर निष्कर्ष मंजूर केले. त्यामागचा विचार असा की डिजिटल माध्यम हे युवा-कार्यात साधन असू शकतं, उपक्रम असू शकतो आणि चर्चेचा विषयही असू शकतो, आणि ते समोरासमोरच्या कामातही बसतं. हा विचार समजून घेतलेल्याला ॲपच्या प्रदर्शनात रस वाटणार नाही. पहिल्या दिवशी कंटाळा आला तर निघून जाऊ नका, एवढंच सांगते.

कारण दुसऱ्या दिवशी जे झालं त्यासाठी मी आणखी साडेतीनशे युरो दिले असते. केल आणि स्ट्रासबुर्गच्या शाळकरी मुलांचा एक ऑनलाइन गट कसा चालवायचा, असा साधा सराव होता. पहिल्याच पायरीवर सगळे अडले. माहिती संरक्षणाचा युरोपीय कायदा, म्हणजे जीडीपीआर, मे २०१८पासून लागू आहे. ऑनलाइन सेवेसाठी मुलाने स्वतः संमती द्यायचं वय त्यात १६ आहे, पण देशांना ते १३पर्यंत खाली आणता येतं. जर्मनीने १६ ठेवलं, फ्रान्सने १५. म्हणजे पंधरा वर्षांच्या दोन मैत्रिणी, एक नदीच्या या तीरावर, एक त्या तीरावर. स्ट्रासबुर्गची मुलगी स्वतः होकार देऊ शकते, केलच्या मुलीला आईवडिलांची सही लागते. त्यातच बऱ्याच जणांचा गट व्हॉट्सॲपवर, आणि व्हॉट्सॲपने युरोपातलं किमान वय एप्रिल २०२४मध्ये १६वरून १३वर आणलेलं. कंपनीच्या अटीतलं वय आणि कायद्यातलं संमतीचं वय एक नाही, हे आमच्यातल्या अनुभवी कार्यकर्त्यांनाही त्या दुपारी नीट उमगलं. आंतरराष्ट्रीय भागीदारी म्हणजे काय, ते मला त्या सरावाने दाखवलं. हस्तांदोलनाच्या फोटोंनी नाही.

शिक्षण सुधारणेच्या सत्रातही हेच. फ्रान्समध्ये शाळांचं धोरण पॅरिसमध्ये ठरतं. प्राथमिक शाळा आणि कोलेजमध्ये (तिथली माध्यमिक शाळा) मोबाइलवर बंदी आणणारा २०१८चा कायदा एका झटक्यात देशभर लागू झाला. जर्मनीत शिक्षण हा सोळा राज्यांचा विषय. केल बाडेन-व्यूर्टेम्बेर्ग राज्यात येतं, तिथला निर्णय राज्याच्या राजधानीत, श्टुटगार्टमध्ये होतो. त्या राज्यात नऊ वर्षांचं गिम्नाझियुम (विद्यापीठाकडे नेणारी माध्यमिक शाळा) २०२५-२६पासून परत आलं, त्यामागे पालकांची मोहीम होती. तेव्हा दोन्हीकडच्या तरुणांनी मिळून एकच निवेदन लिहिलं तर ते पोहोचवायचं कुणाकडे? या प्रश्नाचं उत्तर तयार करून या. माझ्या गटातले निम्मे लोक आपल्या देशात शाळेचा अभ्यासक्रम कोण ठरवतं हे न बघता आले होते, आणि त्यात सगळ्यांचे तास गेले.

मधले दोन दिवस छान गेले, सहल वगैरे झाली. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

युरोप परिषदेच्या युवा केंद्राला दिलेल्या भेटीबद्दल मात्र लिहायलाच हवं. युरोप परिषद ही युरोपीय संघाहून वेगळी, १९४९ची, ४६ देशांची संस्था. युवा क्षेत्रात दोघांची अधिकृत भागीदारी १९९८पासून आहे. केंद्र १९७२चं. तिथली सहव्यवस्थापनाची पद्धत मी वाचून होते, पण ती समजली त्या दिवशी. युवा संघटनांच्या प्रतिनिधींचं ३० जणांचं सल्लागार मंडळ आहे. ते सरकारी प्रतिनिधींच्या बरोबरीने संयुक्त परिषदेत बसतं, आणि युवा क्षेत्राचा प्राधान्यक्रम आणि पैशांचं नियोजन दोघे मिळून ठरवतात. तरुणांचं मत मागवून फाइलला लावतात असं नाही, त्यांचा निर्णयात बरोबरीचा वाटा आहे. मी अक्षरशः भारावून बाहेर पडले. कार्यक्रमपत्रिकेत ही भेट ऐच्छिक असेल आणि बाकीचे खरेदीला जात असतील, तर तुम्ही एकट्याने जा. जाण्याआधी प्रश्न लिहून न्या, तिथले लोक मनापासून उत्तरं देतात.

त्यानंतर आमच्याच कार्यशाळेकडे बघताना खटकत राहिलं. वेळापत्रक आधीच पक्कं, खर्चाचा तक्ता कुणाला दाखवलेला नाही, आणि आम्हाला म्हणत होते भागीदार. शेवटच्या दिवशीच्या मूल्यमापनात मी हे लिहिलं. तुम्हीही लिहा, आणि हसऱ्या चेहऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर थांबू नका.

यूथपास, म्हणजे उपक्रमात काय शिकलात याचं प्रमाणपत्र, मागून घ्या. एरास्मस प्लसच्या युवा उपक्रमातल्या प्रत्येक सहभागीचा त्यावर हक्क आहे. त्यातला काय शिकलो हा भाग आपण स्वतः लिहायचा असतो. शेवटच्या दुपारी घाईत लिहिलेला यूथपास नोकरीच्या अर्जाला निरुपयोगी आहे. रोज रात्री दहा ओळी लिहा, दमलेले असलात तरी.

कार्यशाळेत चांगला जोडीदार भेटला तर पुढची कार्यशाळा शोधत बसू नका, स्वतःचा प्रकल्प लिहा. एरास्मस प्लसमध्ये छोट्या भागीदारीसाठी ३०,००० किंवा ६०,००० युरोची ठोक रक्कम मिळते, आणि दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन संस्था पुरतात. आमच्या केंद्राने स्ट्रासबुर्गच्या एका छोट्या संस्थेबरोबर संमतीपत्रावरच काम घेतलं आहे: दोन भाषांत, दोन्ही कायद्यांत बसेल असं, पंधरा वर्षांच्या मुलांना वाचून कळेल असं. ठोक रक्कम असल्यामुळे प्रवासाचे टप्पे आड येत नाहीत, तिकिटं संस्थेने काढायची हे आम्ही अंदाजपत्रकातच लिहिलं. युवा विभागाच्या अर्जांची मुदत साधारण मार्च आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला असते. जर्मनीतले अर्ज बॉनच्या युगेंड फ्यूर ओइरोपा या राष्ट्रीय संस्थेकडे जातात. दोन्ही संस्थांकडे ओआयडी (अर्जासाठी लागणारा संस्थेचा ओळख क्रमांक) नसेल तर तो आधी काढून घ्या, मुदतीच्या आठवड्यावर ढकलू नका.