सुनीताचे प्रयोग : कलाटणी कानाला ऐकू यावी म्हणून

केशवसुतांनी १८९२ साली ‘मयूरासन आणि ताजमहाल’ लिहून सुनीत, म्हणजे चौदा ओळींचे इंग्रजी ‘सॉनेट’, मराठीत आणले आणि पुढे सुनीत म्हटले की शार्दूलविक्रीडित हे एकोणीस अक्षरी वृत्त, असे समीकरण आपल्याकडे बरेचसे पक्के झाले. इटालियन धाटणीत आठव्या ओळीनंतर विचार वळतो. इंग्रजी धाटणीत तो बहुधा तीन चौकड्या संपल्यावर शेवटच्या द्विपदीत वळतो. वृत्त मात्र पहिल्या ओळीपासून चौदाव्या ओळीपर्यंत तेच राहते. विचार वळतो तिथेच लयही वळली तर काय होईल, हे मी सध्या करून पाहत आहे.

पहिल्या आठ ओळी शार्दूलविक्रीडितात आणि उरलेल्या सहा पादाकुलक या मात्रा मोजून लिहायच्या वृत्तात, अशी रचना आता बरीचशी जमू लागली आहे. ताज्या सुनीताची पहिली ओळ अशी आहे : ‘दारी येउन थांबला हळुच हा पाऊस आता पुन्हा’. एकोणीस अक्षरे, बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे वाचताना घ्यायचा थांबा. ‘हळुच हा’नंतरचा हा थांबा पाऊस दाराशी घुटमळल्यासारखा वाटतो, म्हणून ‘येऊन’मधला ऊ ऱ्हस्व करण्याची सवलत मी इथे घेतली आणि ती राहू देणार आहे. नववी ओळ मात्र सोळा मात्रांची : ‘गळकी छत्री हाती त्याच्या’. चार-चार मात्रांचे चार तुकडे पडतात आणि आठ ओळी भारदस्त चालीने आलेला पाऊस एकदम शेजारच्या माणसासारखा बोलू लागतो. ‘परंतु’ किंवा ‘तरीही’ असा एकही शब्द न वापरता कलाटणी मिळते, हे मला या प्रयोगाचे सर्वांत मोठे फळ वाटते.

यमकांबाबत मी एक कडक नियम लावून घेतला आहे : क्रियापदाला क्रियापद जुळवायचे नाही. मराठी वाक्य क्रियापदावर संपत असल्यामुळे ‘येते’, ‘देते’, ‘नेते’ अशी यमके आपोआप हाती येतात आणि त्यांत ऐकणाऱ्याला काहीच अनपेक्षित मिळत नाही. नियम पाळताना वाक्यरचना उलटावी लागते, एखादे वाक्य पुढच्या ओळीत ओढावे लागते, आणि त्या ओढीतूनच ओळीला ताण येतो. विंदा करंदीकरांनी मुक्तसुनीत लिहून वृत्ताचे बंधन सैल केले. माझा कल उलट बाजूला आहे, कारण एक बंधन सोडताना दुसरे घट्ट केले नाही, तर चौदा ओळी केवळ मोजण्यापुरत्या उरतात, असे माझे मत झाले आहे.

द्विपदी आरंभी आणून उलटे सुनीतही लिहून पाहिले. निष्कर्ष आधीच सांगून टाकल्याने वर्णनपर विषयात ते निस्तेज होते. पत्ररूपात मात्र शोभते.

आता हात घातला आहे तो साडेदहा ओळींच्या आखूड सुनीताला. हॉपकिन्स या इंग्रजी कवीने सहा आणि साडेचार अशी विभागणी करून तो घाट घडवला. आपला कान ओवीच्या आखूड चौथ्या चरणाला पूर्वीपासून सरावलेला आहे, त्यामुळे ही शेवटची अर्धी ओळ मराठीत उपरी वाटू नये. तिला यमक द्यावे की ओवीप्रमाणे मोकळे सोडावे, एवढे ठरायचे आहे. दोन्ही मसुदे मोठ्याने वाचून पाहणे चालू आहे.