खोडव्याचा हिरवा

आज पहाटे कागद-रंग घेऊन कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीला गेलो होतो. पंचगंगा इथूनच सुरू होते. नद्यांच्या संगमावर इतकं धुकं होतं की आभाळाचा पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, अर्धा तास वाळेना. बसून राहिलो. पलीकडं गुऱ्हाळ पेटलं होतं, त्याचा धूर वर न जाता पाण्यावरच आडवा पसरलेला.

ऊन आल्यावर उसाला हात घातला. शेजारच्या रानातले मामा खांद्यावर खोरं टाकून मागं येऊन उभे राहिले. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "पाव्हणं, ह्यो लागणीचा रंग झाला. म्होरलं रान खोडव्याचं हाय. त्येचा हिरवा निराळा असतोय."

मान वर करून बघितलं. खरंच की! मागचा उभा ऊस लागणीचा, म्हणजे नव्यानं लावलेला; तो गडद, त्यावर चंदेरी तुरे. आणि पुढं खोडव्याचे, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेले कोवळे, पिवळसर कोंब. वीस वर्षं हीच रानं रंगवतोय, पण हा फरक मला कुणी दाखवला नव्हता. अल्ट्रामरीन बाजूला ठेवला, लेमन यलो वाढवला आणि चित्रात एकदम माती दिसायला लागली.

कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान तिथली कोटितीर्थ आणि रंकाळा ही तळी पुन्हापुन्हा का रंगवत राहिले असतील, ते आज थोडं कळलं. एकच जागा, पण ती दर वेळी नव्यानं बघायची.

मामांनी ताजा गूळ हातावर ठेवला. उद्या परत तिथंच जाणार आहे. मागच्या तुऱ्यांचं काम राहिलंय.