थिंकपॅड एक्स220 : 4 जीबीवरून 16 जीबी, सेकंडहँड रॅमवरच

मंडळी, माझ्या लेनोवोच्या एक्स220 लॅपटॉपचं रॅम वाढवायचं काम एकदाचं झालं. ज्यांच्याकडे 2011 च्या आसपासचे लॅपटॉप अजून चालू आहेत त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय, कारण असली मशीन "स्लो झाली" म्हणून भंगारात जाताना बघून खरंच वाईट वाटतं.

माझ्याकडचं मशीन इंटेलच्या आय5-2520एम प्रोसेसरवालं, आत 4 जीबीची एकच स्टिक (रॅमची पट्टी), दुसरा स्लॉट रिकामा. विंडोज 10 चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला तेव्हाच त्याऐवजी लिनक्स मिंट एक्सएफसीई ही हलकी, फुकट सिस्टीम टाकली होती. मिंट स्वतः हलकंच आहे हो, पण ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब आणि एक स्प्रेडशीट उघडली की स्वॅप (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) भरायला लागायचा आणि माउससुद्धा अडकत अडकत हलायचा.

लेनोवोच्या स्पेसिफिकेशनमध्ये या मॉडेलला जास्तीत जास्त 8 जीबी लिहिलंय आणि बरेच जण तिथेच थांबतात. पण इंटेलने याच प्रोसेसरला 16 जीबी दिलेली आहे. लॅपटॉप आला त्या काळात लॅपटॉपची 8 जीबीची स्टिक सहज मिळतच नव्हती, म्हणून कागदावर दोन स्लॉट गुणिले चार, म्हणजे 8. सुडो डीएमआयडीकोड (मशीनच्या हार्डवेअरची माहिती दाखवणारी लिनक्सची कमांड) मारून बघितलं तर तिथेही मॅक्सिमम कपॅसिटी 16 जीबीच दिसली, मग ठरवलं की दोन आठच्याच घ्यायच्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, स्टिकवरचं लेबल वाचा. नुसतं "डीडीआर3 8 जीबी" म्हणून घेऊ नका. सँडी ब्रिजला (म्हणजे माझ्या प्रोसेसरच्या पिढीला) 4 गिगाबिटपर्यंतच्याच चिप चालतात, म्हणजे 8 जीबीच्या स्टिकवर दोन्ही बाजू मिळून 16 चिप पाहिजेत आणि लेबलवर 2आरएक्स8 असं पाहिजे. 1आरएक्स8 वाली, म्हणजे 8 चिपची स्टिक दिसायला तशीच, खाचही तीच, बसतेही व्यवस्थित, पण या मशीनला ती चालत नाही. व्होल्टेजचं टेन्शन इथे नाही, 1.35 व्होल्टची डीडीआर3एल (कमी व्होल्टेजवाली डीडीआर3) स्टिक या मशीनच्या 1.5 वरही चालते. उलटं मात्र करू नका, हॅसवेल या इंटेलच्या नंतरच्या पिढीपासून पुढच्या डीडीआर3 लॅपटॉपना 1.35 वालीच लागते.

पुण्यातल्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपमधून काढलेली रॅम ठेवतात तिथे मिळाली, 1600 स्पीडची जोडी 1500 रुपयांत, टेस्टिंग वॉरंटीसकट. "दादा, एरर आली तर बदलून देणार ना?" हे आधीच विचारून बिलावर लिहून घेतलं, आणि तेच कामाला आलं. घरी मेमटेस्ट86+ (रॅम तपासायचा प्रोग्राम) एकेका स्टिकवर रात्रभर चालवला तर एकीवर लाल ओळी, म्हणजे एरर, यायला लागल्या, दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकली तरी त्याच. दुकानदाराने दुसऱ्या दिवशी काही न बोलता बदलून दिली. जुनी रॅम घेताना मेमटेस्ट सोडू नका राव, कारण खराब स्टिकवरही लॅपटॉप मस्त चालू होतो आणि मग कधीतरी फाइल्स बिघडतात.

बसवायचं काम पाच मिनिटांचं. चार्जर काढा, बॅटरी काढा, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा, मग खालचं मेमरीचं झाकण उघडा. स्टिक तिरपी धरून आत सरकवायची, सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी झाली की वरून दोन्ही कोपऱ्यांवर सारखा दाब द्यायचा, बाजूच्या दोन्ही क्लिप टक् करून बसल्याच पाहिजेत. एकच क्लिप बसली असेल तर काढून परत बसवा, जोर लावू नका.

पहिल्यांदा स्क्रीन यायला जरा वेळ लागला, नंतर नॉर्मल. स्पीड 1333 वरच दिसतो, प्रोसेसरची मर्यादाच तेवढी आहे, त्यामुळे 1600 साठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. दोन सारख्या स्टिक टाकल्याने ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरणं) मिळालं आणि प्रोसेसरमधलं एचडी 3000 ग्राफिक्स रॅमच वापरत असल्यामुळे व्हिडिओतही फरक जाणवतोय. रॅम किती वापरात आहे ते दाखवणाऱ्या फ्री कमांडमध्ये आता 15 जीआय (जीबीसारखंच माप) टोटल दिसतंय, दिवसभर काम करून स्वॅप शून्य! व्हर्च्युअल बॉक्समध्ये (एका सिस्टीमच्या आत दुसरी चालवणारा प्रोग्राम) डेबियन हे दुसरं लिनक्स पण आरामात चालतंय.

काढलेली 4 जीबीची स्टिक मावसभावाच्या टी420 थिंकपॅडमध्ये जाणार आहे. आता प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट बदलायचीय, त्यासाठी पार मदरबोर्डपर्यंत उघडावं लागतं, कोणी केलं असेल तर सांगा.