केजीएफ: सोन्यासाठी नव्हे, भेगांसाठी

कोलार गोल्ड फील्ड्सला जाणाऱ्यांनी सोनं दिसेल ही आशा घरीच ठेवावी. खाणी २८ फेब्रुवारी २००१ला बंद झाल्या आणि जी खोली गाठायला शंभराहून जास्त वर्षं लागली ती, तीन किलोमीटरहून खोल, आता बघायला मिळत नाही. तरी जाच.

बंगळूरहून मारिकुप्पमची पॅसेंजर पकडा. बंगारपेट सोडलं की कोरोमंडल, उरगाम, चॅम्पियन, मारिकुप्पम अशी स्टेशनं लागतात. ही ओळ साधारण दक्षिणेकडे जाते, कारण खाणी शिरेला, म्हणजे भेग भरून खडकात तयार झालेल्या सोनेरी खनिजाच्या पट्ट्याला, धरून होत्या आणि चॅम्पियन शीर उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. म्हणजे तिकिटाच्या पैशात शिरेची लांबीही कळते!

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते रस्त्याकडेच्या एका दगडी भिंतीनं. काळपट हिरव्या अँफिबोलाइट नावाच्या खडकामध्ये बोटभर जाडीचा पांढरा क्वार्ट्झचा (गारगोटीचा) पट्टा होता. भिंग लावलं तर त्या पांढऱ्यात कडेला समांतर अशा काळ्या बारीक रेघा. एकदाच भेग पडून भरली असती तर पट्टा एकसंध दिसला असता. इथे ती पुन्हा पुन्हा फाटली आणि भरली.

घडतं ते असं. खोलवरचं गरम, सिलिका (जिचा क्वार्ट्झ बनतो) आणि सोनं विरघळलेलं पाणी बंद झालेल्या भ्रंशाखाली, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतो त्या भेगेखाली, साचतं, दाब वाढत जातो. दाबानं भ्रंश सरकतो, भूकंप होतो, भेग उघडते आणि दाब एकदम पडतो. सिलिका विरघळलेली राहू शकत नाही, क्वार्ट्झ जमतो, वाट पुन्हा बुजते. मग पुन्हा तेच. सोनं गंधकाला धरून आलेलं असतं; आजूबाजूच्या खडकातलं लोह गंधक ओढून घेतं, पायराइटसारखी (लोह-गंधकाची, सोन्यासारखी चमकणारी) खनिजं होतात आणि सोनं तिथेच सुटतं. भ्रंश जिथे वाकतो तिथे जास्त फट पडते, म्हणून शीर कुठे जाड तर कुठे कागदासारखी.

भिंग, पाणी आणि टोपी न्याच. चमकणारा कण दिसला तर सुई टोचा: सोनं दबतं, पायराइटचा चुरा होतो. राखाडी सायनाइड डोंगरांवर, म्हणजे सोनं काढून उरलेल्या खडकाच्या भुकटीच्या ढिगांवर, चढू नका, वाऱ्याबरोबर त्यांची भुकटी नाकातोंडात जाते. खाणींच्या जुन्या उभ्या विहिरींच्या कुंपणापलीकडे तर अजिबात नको. पेड्डपल्लीच्या पिलो लाव्हांसाठी (पाण्याखाली उशांच्या आकारात गोठलेल्या लाव्हासाठी) अर्धा दिवस वेगळा काढा.