सकाळी मेलेलं, दुपारी ठणठणीत: मिंट-विंडोज मशीनचं मूळ दुखणं सापडलं

सुटलं! गेल्या नोंदीत लिहिलं होतं की विंडोजच्या जोडीला मिंट (लिनक्स) टाकल्यापासून मशीन बूट होत नाही, आणि ग्रब (चालू होताना कुठली सिस्टिम उठवायची तो मेनू दाखवणारा प्रोग्राम) पुन्हा बसवला की तेवढ्यापुरतं चालतं. अकरा दिवस मी ग्रबच्या मागे होतो. काल मूळ सापडलं आणि ते ग्रबमध्ये नव्हतंच.

मशीन तेच, दादाचं. चौथ्या पिढीचा आय-५, आठ जीबी रॅम, जुन्या हार्डडिस्कवर विंडोज १० आणि टॅली. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला हा प्रोसेसर चालत नाही. म्हणून ठरलं होतं की टॅलीपुरतं विंडोज नेटशिवाय ठेवायचं आणि बाकी सगळं नव्या एसएसडीवरच्या मिंट २२ वर. उद्यमनगरातल्या दादाच्या शॉपमधून मशीन घरी आणलं, एमबीआर-टू-जीपीटी (डिस्कची जुनी एमबीआर मांडणी नव्या जीपीटीत बदलणारं टूल) चालवून विंडोजची डिस्क यूईएफआयवर, म्हणजे बूटच्या नव्या पद्धतीवर, घेतली, मिंट टाकलं. मेनूत दोन्ही दिसले. त्या रात्री मी निवांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळ्या पडद्यावर एकच ओळ: ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. मिंट नाही, विंडोजही नाही. दादाची सात वर्षांची खाती त्या डिस्कवर. बॅकअप दोन ठिकाणी होता, तरी पोटात गोळा आला.

मग रोजचा क्रम सुरू झाला. व्हेंटॉयचा पेनड्राइव्ह लावायचा, डिलीट दाबून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जायचं, शेवटच्या पानावर ‘रिस्टोअर यूजर डिफॉल्ट्स’ दाबायचं (माझी सेटिंग मी तिथं सेव्ह करून ठेवली होती, पेनड्राइव्ह पहिला, म्हणजे प्रत्येक वेळी शोधाशोध नको). एफ१० दाबून लाइव्ह मिंटमध्ये (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या) जायचं, क्रूट करून, म्हणजे तिथून डिस्कवरच्या मिंटमध्ये शिरून, ग्रब पुन्हा बसवायचा. रीस्टार्ट केलं की सगळं हजर. दिवसभर दहा वेळा रीस्टार्ट करा, एकदाही अडत नाही. आणि पुढच्या सकाळी पुन्हा तीच ओळ.

तिसऱ्या दिवशी बूट-रिपेअर (बूट आपोआप दुरुस्त करणारं टूल) चालवून बघितलं. माझं स्पष्ट मत आहे, ते शेवटचा उपाय म्हणून ठेवा. एका बटणात ते इतक्या गोष्टी बदलतं की नंतर काय मूळचं आणि काय त्यानं केलेलं ते कळत नाही. हातानं क्रूट करायला दहा मिनिटं जास्त लागतात, पण आपण काय केलं ते आपल्याला माहीत असतं. व्हेंटॉयला मात्र तोड नाही. एकाच पेनड्राइव्हवर मिंट, विंडोज, मेमटेस्ट, सगळं.

बूट नोंदींची यादी रोज काढत होतो. ‘उबंटू’ जागेवर (मिंटची नोंद त्याच नावानं पडते), ‘विंडोज बूट मॅनेजर’ जागेवर, ईएफआय पार्टिशनमधल्या (डिस्कवरच्या बूटच्या कप्प्यातल्या) फाइल्स शाबूत. सगळं ठीक असून सकाळी काहीच नाही, ह्यानं डोकं भणभणायला लागलं. शेवटी एसएसडी मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलवर संशय आला आणि नवी केबल मागवली.

मग आई दोन दिवस गडहिंग्लजला मावशीकडे गेली. त्या दोन्ही सकाळी मशीन पहिल्या झटक्यात चालू! मी काहीच बदललं नव्हतं. आई परत आली आणि काल सकाळी पुन्हा काळा पडदा.

लाइव्ह मिंटमध्ये कर्नलचा (सिस्टिमच्या गाभ्याचा) लॉग उघडला आणि केबलच्या चुका शोधत एकेक ओळ वाचत गेलो. साटाबद्दल एक अक्षर नाही. पण वरच्या बाजूला आरटीसीची, म्हणजे मदरबोर्डवरच्या घड्याळाची, ओळ होती. सिस्टिमचं घड्याळ कुठून लावलं ते तिथं येतं. तारीख होती २०१४-०१-०१, वेळ शून्य वाजून चार मिनिटं.

तिथंच थांबलो. आईला हाक मारली, “आई, रात्री मशीनचा बोर्ड तू बंद करतेस का?”

“मग? रात्रभर कशाला चालू ठेवायचा? बटण बंद केल्याशिवाय झोपत नाही मी.”

सीमॉस बॅटरी! भिंतीवरचा बोर्ड चालू असेपर्यंत एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) स्टँडबाय पाच व्होल्टवर बायोसची सेटिंग टिकते. बोर्ड बंद झाला की ती सगळी त्या नाण्याएवढ्या बॅटरीच्या भरवशावर. मीटर लावला तर २.१ व्होल्ट, असायला हवेत ३. म्हणजे रोज रात्री सेटिंग पुसली जात होती आणि ह्या मदरबोर्डाची मूळ सेटिंग लेगसी, म्हणजे बूटची जुनी पद्धत. लेगसीमध्ये दोन्ही जीपीटी डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये (अगदी पहिल्या तुकड्यात) चालवण्याजोगा बूट कोडच नाही, म्हणून ती ओळ. सकाळी मशीन बरं होत होतं ते ‘रिस्टोअर यूजर डिफॉल्ट्स’मुळे, आणि श्रेय मिळत होतं ग्रबला.

काही मदरबोर्ड अशा वेळी थांबून एफ१ दाबायला सांगतात. ह्यानं चकार शब्द काढला नाही.

दादाला फोन केला. तो म्हणाला, “आरं, सकाळी घड्याळ चुकतं ते दोन वर्सं तसंच हाय की. नेट लागलं की येतंय ताळ्यावर.” दोन वर्षं! तेव्हा विंडोज लेगसीतच होतं, त्यामुळे सेटिंग पुसली गेली तरी बूट अडत नव्हतं. मी यूईएफआयवर नेलं त्या दिवसापासून अडायला लागलं, आणि मिंटही त्याच दिवशी टाकलेलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. विंडोजमधलं चुकलेलं घड्याळ मीही बघितलं होतं, पण ते नेहमीचं साडेपाच तासांचं समजून सोडून दिलं (मिंट हार्डवेअर घड्याळात यूटीसी, म्हणजे ग्रीनिचची वेळ, लिहितं, विंडोज त्यालाच इथली वेळ समजतं).

सीआर२०३२, म्हणजे तीच नाण्याएवढी बॅटरी, आणायला गेलो. पहिल्या दुकानातली पाकीटबंद बॅटरी घरी मोजली तर २.७. कित्येक वर्षं पडून असलेला माल. मग महाद्वार रोडच्या घड्याळवाल्याकडे गेलो. त्यानं माझ्यासमोर मीटर लावून ३.२ दाखवली आणि मगच पैसे घेतले. बॅटरी ह्यापुढे घड्याळवाल्याकडूनच.

बसवली, तारीख लावली, यूईएफआय केलं, बोर्ड रात्रभर बंद. आज सकाळी बटण दाबलं आणि ग्रबचा मेनू समोर, दोन्ही नावांसह. नाद खुळा!

आता विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या यादीत) ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ एक करून साडेपाच तासांचा घोळ मिटवायचा आणि मशीन परत उद्यमनगरात पोचवायचं, असा बेत होता. पण लिहिता लिहिता एक सुचलं. ही बॅटरीही कधीतरी उतरणार, आणि तेव्हा दादा शॉपमध्ये एकटा असणार. एसएसडीवर पहिलं पार्टिशन २०४८ व्या सेक्टरवर सुरू होतं आणि ३४ ते २०४७ ही जागा रिकामीच आहे. तिथं बायोस-बूट पार्टिशन करून ग्रबची लेगसीसाठीची आय३८६-पीसी आवृत्तीही बसवली, तर मदरबोर्ड लेगसीवर घसरला तरी मिंट उठेल. विंडोज त्या वाटेनं उठणार नाही, पण दादाला निदान नेट आणि फाइल्स मिळतील. एसएसडी पहिल्या साटा पोर्टवर घ्यावी लागेल, म्हणजे मूळ क्रमात तीच आधी येईल. केबल तशीही आलीच आहे.

मशीन परत न्यायचं आठवडाभर पुढे ढकललं. रविवारी हे करतो, आणि चाचणी बॅटरी काढूनच घेतो.